गप्प झालेली माणसं

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग कमी झालेला नाही. कारखान्यात तुमच्या हाताखाली प्रेस मशिनवर असणारे ते काका तुम्ही विसरला असाल, मी नाही. पुण्यात आपल्यासारखेच वारज्याला राहायचे. सुट्टीच्या दिवशी घरी येऊन, स्वयंपाकघराच्या दारात चहा घेत तुमच्याशी तावातावाने भांडायचे. मशीन दुरुस्त करून घ्या, डबल शिफ्ट कमी करा, नव्या पोरांना आधी नीट शिकवा. पुढे त्यांचं येणं थांबलं. मी विचारलं, तेव्हा तुम्ही पोळी मोडत म्हणालात, "सुधारलाय आता. तीन महिने डबल शिफ्ट करतोय, तोंडातून शब्द नाही." खंडेनवमीच्या पूजेला तुम्ही मला कारखान्यात नेलंत. सगळे हसतखेळत जेवत होते आणि काका भिंतीकडे तोंड करून एकटे बसले होते, समोरचं ताट तसंच. मी त्यांना हाक मारली तर त्यांनी नुसतं पाहिलं. घरी येऊन तुम्हाला सांगितलं. "तू अभ्यासात लक्ष घाल," तुम्ही म्हणालात. पंधरवड्यात प्रेसखाली त्यांची दोन बोटं गेली. "लक्ष नव्हतं त्याचं," एवढं बोलून तुम्ही ताक मागितलंत. भेटायलासुद्धा गेला नाहीत.

आता बाणेरच्या ऑफिसात माझ्या हाताखाली नऊ जण आहेत. त्यातली अमरावतीची एक मुलगी प्रत्येक मीटिंगमध्ये मला अडवायची. "सर, ही तारीख जमणार नाही, कबूल कशाला केलीत?" दिवाळीनंतर मात्र सगळ्याला एकच उत्तर, "हो सर, चालेल." जेवायला एकटी जायची, कोणी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ऐकू यायचं. माझे साहेब खूश. "मॅच्युअर झाली हो ती," ते म्हणाले. त्याच दिवशी मी तिला खाली टपरीवर नेलं, झोप लागते का विचारलं. चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, "झोप लागते सर. उठावंसं वाटत नाही." साहेबांशी वाद घालून मी तिची कामं दोघांत वाटली आणि तिला महिनाभर घरी पाठवलं. तो महिनाभर मनातल्या मनात तुम्हाला सुनावत होतो. विचारायला मला दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ तुम्हाला कधीच नव्हता.

परवा ती परत आली. पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, तुमचं हे प्लॅनिंगच चुकलंय." तिचं बरोबर होतं. तुम्हाला हे पोचणार नाही, म्हणूनच लिहितो. तिचं ऐकून माझे कान तापले आणि वाटलं, गप्प होती तेव्हाच बरी होती.