पानवेलीचा आधार

१२ जुलै
"तुझ्या हातचा निवडुंगसुद्धा मरेल," असं दादा मला म्हणाला होता. मी तेव्हा शाळेत होते. आज त्याच्याच घरात माझं सामान लावताना ते आठवलं आणि हसू आलं. आता तो चाकाच्या खुर्चीत बसून असतो, अर्धं अंग लुळं. सांभाळायला मी आले. मखमलाबादचं हे रो-हाऊस छान आहे. मागे छोटी बाग, पलीकडे पाट. त्यामुळे कुंपणापाशी कायम ओल आणि सावली. फक्त तारेची जाळी उघडी आहे आणि तिच्यातून शेजारचे झुंबरअण्णा बनियनवर दात घासताना दिसतात. जाळी झाकायलाच हवी.

१५ जुलै
वेल निवडायला बसले. बहुतेक सगळ्या नालायक. बोगनवेलीला ऊन हवं. मधुमालती वर चढून फुलणार, म्हणजे फुलं अण्णांच्या गच्चीला. मनीप्लँट बँकेच्या काउंटरवरच शोभतो. अण्णांनी त्यांच्या बाजूला प्लॅस्टिकच्या पानांची जाळी बांधली आहे. पाणी नको, खत नको, लय हिरवी, असं वर कौतुकानं सांगतात. मी म्हटलं, मग भाकरीही प्लॅस्टिकचीच खा. तेव्हापासून बोलत नाहीत. सुटले.

१८ जुलै
पानवेल ठरली, विड्याच्या पानांची. ओल आणि सावली, दोन्ही तिला मानवतात. मोबाइलवर पानमळ्याचा व्हिडिओ पाहिला. तिथे आधी शेवरीची झाडं वाढवतात आणि मग वेल त्यांच्यावर चढवतात. म्हणे हिला जिवंत आधार लागतो. जुनी झाली की उतरवून, वेटोळी करून मातीत पुरतात, मग ती नव्यानं फुटते. एवढे लाड कोण करणार? सुतळीनं जाळीला बांधून टाकली. दादा बघत होता. लोखंडाला बांधलीस गं बिचारीला, म्हणाला. तोंड वाकडं, टोमणे मात्र सरळ. त्याची ने-आण नको म्हणून दिवसभर जाळीपाशीच बसवते.

२ ऑगस्ट
वेल जाळीला धरत नाही. दादाच्या खुर्चीकडे वळते. मी ओढून बांधते, ती परत वळते. दादा म्हणतो, राहू दे, कुणीतरी माझ्यावर टेकतंय. मी म्हटलं, स्वतःचा घास गिळता येत नाही आणि निघाला आधार द्यायला!

९ ऑगस्ट
खुर्ची हलेना. वेल त्याच्या लुळ्या हातावरून दंडापर्यंत चढली आहे. तिला पेरापेराला मुळं असतात, बारीक, पांढरी. ती कातडीत शिरली आहेत. एक उपटलं. टोकाला रक्त. दादा ओरडला नाही. वेलीची सगळी पानं थरथरली. वारा नव्हता.

१० ऑगस्ट
शेवटी अण्णांना हाक मारली. आधी म्हणाले, आमची जाळी कुणाला खात नाय, ताई. मग आले, कोयता घेऊन. त्यांनी एकच फांदी छाटली — दादाच्या नाकातोंडातून रक्त आलं. अण्णांनी कोयता खाली ठेवला. हिला तोडली तर दादा जाईल, म्हणाले. दुपारी डॉक्टर आला. जाळीपासूनच परत गेला. शिकलेला गाढव.

१२ ऑगस्ट
खुर्चीची चाकं मातीत गेली आहेत. वेल उतरते आहे. स्वतःच. वेटोळी घालत — त्याला घेऊन.
दादा मात्र तजेलदार दिसतो. तोंडही सरळ झालंय. स्वच्छ बोलला, मी कुणाच्या तरी उपयोगी पडतोय गं.
मी खुरपं घेऊन माती उकरायला बसले.

१३ ऑगस्ट
छातीपर्यंत. मी उकरते, माती परत —
दादा म्हणतो, हात मळवू नकोस.

१४ ऑगस्ट
कानात माती गेली. त्याला ऐकू येत नाही. म्हणून इथे लिहून त्याच्या डोळ्यांसमोर धरते आहे. तो वाचतो. मान हलवतो. नाही म्हणतो.
उजवा हात अजून वर आहे. वेलीनं त्याला शिवलेलं नाही —
दादा, वाच. तिला सोड. माझा हात धर. टेकायला कुणीतरी हवं ना तुला, मी टेकते, मीही जिवंतच आहे. तू नाहीच म्हणणार, ठाऊक आहे मला, तरी एकदा ध