लाल गाडी आणि जर-तर

रविवार, अमरावती. दिवेलागणीला.

अजून राग उतरत नाही. भाचा संजू आज बाबांची लाल विलायती गाडी अकोल्याहून चालवत घेऊन आला. उघड्या टपाची, दोनच सीटची, वर्षभर खपून दुरुस्त केलेली. चहा पिताना त्याचं सुरू झालं.

"कंपनीनं तवाच दमदार इंजिन टाकलं असतं ना आत्या, तं हे मॉडेल बंदच झालं नसतं. आजबी नवी निघून राहिली असती."

चहा निवला तरी त्याचे जर-तर संपेनात. एका यंत्रासाठी इतकी हळहळ? आणि बाबांनी मुलीलाही गाडी शिकवली असती तर, असं या घरात कुणी म्हटलंय कधी? शिकायला कॉन्व्हेंट, बसायला डावीकडची सीट. दादाने गाडी दोनदा कुंपणात घातली, तरी स्टिअरिंग दादाकडेच. पुढे मी माझ्या पगारातून गाडी घेऊन शिकले, पण ती ही नव्हती. तेव्हा भांडले का नाही? तोंड तर तेव्हाही होतंच.

"चाल आत्या, चक्कर मारून आणतो," संजू म्हणाला.

मी डावीकडे गेलेच नाही. उजवीकडचं दार उघडून बसले. सीट इतकी खाली, की गुडघे करकरले.

"अवं, तुले उठता नाही येणार तिथून. हात देऊ काय?"

"हात राहू दे. किल्ली दे."

बडनेऱ्यापर्यंत जाऊन आले. उतरवायला शेजारीणही लागली, पण ते उतरताना.