बाहुलीची ओटी

आई, आज सकाळी माळ्यावरून बाहुली खाली काढली. सांगाड्याचे बांबू पोखरलेत, एक हात निखळलाय, पण चेहरा तसाच आहे. कपाळावर तुझ्या अंगठ्यानं दाबलेला खळगा अजून बोटाला लागतो. तू गेल्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर आधी तुझं एखादं रागावणं आठवावं लागतं. मग आवाज मागोमाग येतो.

रागावणं म्हणजे उखळाचंच. नव्वदच्या दशकातली ती दिवाळी. सांगलीच्या नाटकमंडळींना सोडून मी वडूजच्या पुढं आपल्या गावी आले होते, गावाची गोष्ट गावातच करायची म्हणून. स्टेज नाही, पडदा नाही. माणसाच्या दीडपट उंच बाहुली गल्लीतून चालणार, लोक तिच्यामागून चालणार आणि ज्याच्या दारात ती थांबेल त्यानं नाटकात यायचं. तुला यातलं काहीच पटलं नव्हतं. लग्नाचं वय उलटून गेलेली मुलगी बाहुल्या करत बसलीये, हे लोकांना कोणत्या तोंडानं सांगायचं, ही तुझी खरी चिंता. त्यात मी तुझ्या उखळात भिजवलेली वर्तमानपत्रं आणि मेथ्या घालून बाहुलीच्या चेहऱ्यासाठी लगदा कांडायला बसले. "त्यात मी चटणी कुटती, कागुद न्हाई," म्हणालीस आणि उखळ ओढून घेतलंस. मग थोड्या वेळानं तूच कांडायला लागलीस, कारण माझं मुसळ धरणं तुला बघवेना. पुढं आठवडाभर आपण शाईचा वास येणारी शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

गोष्ट तर तूच लहानपणी सांगितलेली. दिवाळी झाल्यावर मेंढरं घेऊन मुलखाबाहेर निघालेली धनगराची सून, वेशीबाहेरच्या दगडापाशी थांबून तिनं एकदा मागं पाहिलं, आणि ती काही माघारी आली नाही. त्या दगडाला अजून बायका कुंकू लावतात. चेहरा ओला होता तेव्हा तू मागं येऊन उभी राहिलीस. कपाळ फार पुढं आलंय म्हणालीस आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता अंगठ्यानं दाबलंस. कोणाचं कपाळ तयार होतंय ते मला दिसत होतं. ताईचं. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून तिचं हिरवं लुगडं काढून माझ्यापुढं टाकलंस आणि चुलीपाशी निघून गेलीस.

अप्पा गेले त्याच वर्षी ताई सासरी जायला निघाली होती. तुझं कुंकू पुसलेलं, म्हणून ओटी काकीनं भरली. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड उभी होतीस, पुढं आली नाहीस, आणि तुला ये म्हणायचं कोणाला सुचलंही नाही. पावसाळ्यात ती तिकडंच तापानं गेली. त्यावर तू एकदाच बोललीस, भाकरी थापताना, तव्याकडं बघत. "माझ्या हातची ओटी न्हवती तिला." मी म्हणाले, आई, असं काही नसतं. शिकलेल्या मुलीचं उत्तर. तू भाकरी उलटलीस.

नाटकात सगळं ठरलेलं होतं. प्रत्येक दारात सुनेला वाटेसाठी काहीतरी द्यायचं: कुठं भाकरी, कुठं कांदा. ओटी अर्थातच काकी भरणार, शेवटच्या दारात. तुझ्याकडं फक्त तांब्याभर पाणी. दिवस कलला तशी बाहुली निघाली. आत मी, कमरेच्या पट्ट्यात बांबू खोचलेला, दोन्ही हात तिच्या हातांच्या काठ्यांत अडकलेले, आणि बघायला पोटापाशी झिरझिरीत कापडाची वीतभर फट. आतल्या माणसानं बोलायचं नाही हा नियम माझाच. आपल्या दारात बाहुली थांबली. फटीतून मला तुझे हात दिसतात. हातांत तांब्या नाही, सूप आहे. सुपात तांदूळ, नारळ आणि खण.

मागून कोणीतरी म्हातारी म्हणाली, आवं, असं न्हाई करत. तू ऐकलं नाहीस, किंवा ऐकलंस. ओंजळ भरून पुढं केलीस, आणि घालणार कुठं? बाहुलीचा पदर मी कमरेशी टाके घालून पक्का शिवलेला. माझे हात अडकलेले. तुझी ओंजळ तशीच हवेत. दाणे बोटांतून खाली सांडायला लागले. आई, मला आयुष्यात इतकं असहाय कधी वाटलं नाही. तेवढ्यात काकी गर्दीतून आली. तिनं पदराचा टाका दातानं तोडला, पदर पसरून धरला आणि म्हणाली, "आक्का, घाला तुमी. म्या धरलाय." तू घातलीस. मग त्या फटीपाशी तोंड आणून हळूच म्हणालीस, "दमानं जा गं बाई. लवकर माघारी ये." मी नियम मोडला आणि आतून म्हणाले, येते. तुला ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. ते तू ताईला म्हणालीस की मला, तेही विचारायचं राहिलं.

पुढं गावोगाव खेळ केले, म्हसवडला, पलूसला. कोणाच्या ना कोणाच्या दारात ओटी भरली जाते. चांगली भरतात. मी मात्र दर वेळी त्या फटीतून तुझे हात शोधते आणि दुसऱ्याच कोणाचे दिसतात.

आता नवा चेहरा करायचाय. हा कागद कुठं पाठवणार? भिजत घालीन लगद्यात. पण त्याआधी एक. ओटीचे तांदूळ जिचे तिनं शिजवून खायचे असतात; ताईचे कोण खाणार, म्हणून तू मला ते दगडापाशी ठेवून यायला सांगितलंस. खण ठेवला, नारळ ठेवला. तांदूळ सगळे ठेवले नाहीत. मूठभर रुमालात बांधून सांगलीला आणले आणि अजून न सोडलेल्या माझ्या खोलीवर स्टोव्ह पेटवून त्यांचा भात करून खाल्ला. तुला सांगितलं नाही. तू विचारलं असतंस, तुला गं कशाला, आणि मला म्हणावं लागलं असतं की माझी ओटी कधी कोणी भरली नाही, आणि तुझ्या हातची मलाही हवी होती.