वजाबाकीला यमक मिळेना

३ जानेवारी
आजपासून मुलाच्या वर्कशॉपमध्ये नियमित जाणार. रिटायरमेंटचा आराम पुरे झाला, आरामानेच अंग जास्त दुखतं. मुलगा म्हणाला, बाबा, मी आठवडाभर बाहेरगावी चाललोय, बारा मिलिमीटरच्या पिनांची ऑर्डर आहे, तपासायचं टेबल तुम्ही सांभाळा. पण गिऱ्हाईक नवीन आहे, माल परत आला तर पुढचं काम गेलं, आणि मग तुम्ही घरीच बसा. शेवटचं त्याने हसत म्हटलं. मी हसलो नाही. जन्म कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेला. जाडी मोजायचे कॅलिपर शेकड्यांनी दिले-घेतले, वापरला एकही नाही. पण सहवासाने ज्ञान येतंच.

४ जानेवारी
स्वतःचा व्हर्निअर कॅलिपर घेतला. स्वस्तातला. मुलाचा डिजिटल आयता आकडा दाखवतो, त्यात काव्य नाही. ह्यात दोन पट्ट्यांवरच्या इतक्या रेघांतून जुळणारी एकच शोधायची. लग्न जमवण्यासारखं. आज एक जुळेपर्यंत चष्मा दोनदा पुसला. उद्यापासून भराभर.

५ जानेवारी, दुपार
कॅलिपरचे जबडे पूर्ण मिटले तरी शून्यावर शून्य बसत नाही, ०.२ दिसतात. पिना कातणारा लेथवाला म्हणाला, काका, ह्याला काही न मापताच माप येतंय, परत करून टाका. त्याला समजावलं की ह्याला झिरो एरर म्हणतात, उपजत दोष कोणात नसतो? तेवढा हिशेबात धरायचा. जमा करायचा की वजा, हे शाळेत असताना मीच पद्यात बांधून ठेवलं होतं. आठवता आठवता सगळा वर्ग आठवला. बाकावरचं ऊन, ओल्या फळ्याचा वास. दुपार त्यातच गेली.

संध्याकाळी
आठवलं.
जबडे मिटता उरते अंतर, करून टाका जमा,
दोष आपुला जो ओळखतो, जग त्या करते क्षमा.
खात्रीसाठी 'वजा' घालून पाहिलं. यमकाला 'मजा' येते आणि कडवं पोरकट होतं. तेव्हा जमाच.

८ जानेवारी
पिना जाड निघताहेत. कॅलिपरवर १२.२, त्यात ०.२ जमा, झाले १२.४. सगळ्या परत लेथवर पाठवल्या. लेथवाला म्हणाला, मालकांचे वडील म्हणून घासतोय, एवढं लक्षात असू द्या. ठेवलं.

१० जानेवारी
डोळे शिणले, कंबर धरली. ही म्हणाली, खुर्चीत बसून कोणाची कंबर धरते? तिच्याकडूनच बाम चोळून घेतला. पण पिना एकूण एक बारावर आणल्या. माल गेला. लेथवाला म्हणाला, हातालाच बारीक लागतायत. हाताला काय कळतं. उद्यापासून पहाटे फिरायला जाणार.

११ जानेवारी
गेलो नाही. थंडी.

१५ जानेवारी
माल परत. पिना भोकात खुळखुळतात म्हणे. थंडीने लोखंड आकसलं असावं, मीसुद्धा आकसलोय. मुलाने एक पिन डिजिटलमध्ये धरली. ११.६. म्हणाला, बाबा, ०.२ वजा करायचे होते, चांगल्या बाराच्या पिना तुम्ही घासून घेतल्यात. त्याला कडवं म्हणून दाखवलं. तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, चाल चांगली आहे. कदर आहे पोराला. पुढचं काम मात्र त्या गिऱ्हाइकाने दुसरीकडे दिलं. घाईत असेल.

१७ जानेवारी
माझी जबाबदारी बदलली. टेबलावर आता सूनबाई. मला दाराजवळ खुर्ची, तिथून सगळ्यांवर लक्ष राहतं. चहा किती सांगायचा हेही माझ्याकडेच. प्रत्येकाच्या जागेपाशी जाऊन मोजलं, परतताना पुन्हा पडताळलं. तरी एक कप कमी आला. बाकी सगळ्यांच्या हातात होता. स्वतःला धरायचं राहून गेलं. लेथवाल्याने आपल्यातला अर्धा बशीत ओतला आणि माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, काका, हा मापत बसू नका, गार होईल.