तिसऱ्या पायरीवरचा पांढरा कागद

प्रिय आत्या,

तुला जाऊन वर्ष होत आलं. उद्या दुपारपर्यंत मला हेडसरांना लेखी खुलासा द्यायचाय. तो लिहायच्या आधी तुझ्याशी भांडायचंय, म्हणून हे पत्र.

चांदवडच्या शाळेत तू विज्ञान शिकवायचीस तेव्हा रंगवलेला, आपल्या देशाच्या अणुविजेचा तो तीन पायऱ्यांचा तक्ता आठवतो? पहिलीवर युरेनियम, दुसरीवर प्लुटोनियम, तिसरीवर थोरियम. निवृत्त झालीस आणि गुंडाळी करून माझ्याकडे इंदिरानगरला घेऊन आलीस. म्हणालीस, "वैजू, तुझ्या शाळेत लाव. माझ्या हयातीत काही तिसरी पायरी येत नाही." नाहीच आली.

लहानपणी मी विचारलं होतं, केरळच्या वाळूत एवढं थोरियम पडलंय तर उचलायचं आणि वीज करायची, पायऱ्या कशाला? तू मला स्वयंपाकघरात नेलंस. "नुसतं दूध ठेवून दही होतं का गं? विरजण लागतं. थोरियमही आपलं आपण पेटत नाही, आधीच्या पायरीवरचं चमचाभर काहीतरी लागतं."

"मग शेजारून आणायचं."

"दिवेलागणीनंतर विरजण देतं का कुणी? आपण अणुचाचणी केली आणि बाहेरच्यांनी तशीच दारं लावून घेतली. तेव्हा घरचंच लावायचं."

आपल्या पुढाऱ्यांनाही तू सोडलं नाहीस. विरजण लावलेलं पातेलं ज्याने त्याने येऊन हलवलं तर दही कसं लागेल, म्हणायचीस. अणुवीज नकोच म्हणणाऱ्यांशी तावातावाने भांडायचीस आणि घरी येऊन सांगायचीस, त्यांची भीती खोटी नाही, त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. एवढी फटकळ बाई तू. मग तो कागद का चिकटवलास?

तिसऱ्या पायरीवर लाल रंगात तू एकच शब्द लिहिला होतास. 'कधी?' शाळेत कुणी मोठे पाहुणे येणार होते. तू पांढरा कागद कापलास, खळ लावलीस आणि तो शब्द झाकलास. खळीची वाटी माझ्या हातात होती. का झाकतेस विचारलं तर म्हणालीस, "शाळेला गणिताचा शिक्षक मिळायचाय. गप्प बस."

शिक्षक मिळाला, कबूल. पण पाहुणे गेल्यावर कागद काढायचा ना! तू निवृत्त होईपर्यंत तो तसाच होता. हे मला आजही पचत नाही.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे विज्ञान प्रदर्शन होतं. आदल्या दिवशी मी ओलं फडकं ठेवून कागद हलक्या हाताने सोडवला. खाली लाल रंग तसाच होता. हेडसर फिरत फिरत आले. "मॅडम, उद्या शिक्षण खात्याचे साहेब येतायत. नव्या प्रयोगशाळेच्या मंजुरीचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे. तेवढं ते झाका ना." मी बघते म्हटलं आणि झाकलं नाही.

साहेब तक्त्यासमोर उभे राहिले. "थोरियम आपल्याकडे लय आहे," मुलांना म्हणाले, "उद्या जगाला वीज देऊ आपण." टाळ्या पडल्या. मी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "साहेब, दुसऱ्या पायरीवर आपण आता कुठे पाय ठेवतोय. तिसरी कधी?"

"मॅडम, पोरांसमोर जरा चांगलं बोला," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

हेडसरांचं म्हणणं, मजकूर चुकून राहिला असं लिहून द्या, विषय संपला. नाहीतर नवी प्रयोगशाळा दुसऱ्या शाळेला जाईल. आत्या, आताच्या जुन्या प्रयोगशाळेतली एकेक परीक्षानळी मी धुतलीय. नवी हातची जावी असं मला मुळीच वाटत नाही. आणि तुझा राग येतो, कारण तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिहून टाक गं, प्रयोगशाळा वाचव." मी ऐकलंही असतं. मग आणखी तीस वर्षांनी दुसरं कुणीतरी फडकं ओलं करत बसलं असतं.

तुझ्याशी भांडता भांडता खुलासाही सुचला बघ. दोनच ओळी आहेत. 'मजकूर चुकून राहिलेला नाही. प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही, म्हणून मी तो मुद्दाम उघडा ठेवला आहे.' खाली सही. माफी कुठेही नाही.

नवी प्रयोगशाळा गेली तर तक्ता माझ्या वर्गात लावेन. वर्गातून काढायला लावला तर आपल्या घराच्या दारावर लावेन, अख्ख्या गल्लीला वाचू दे. आणि ज्या दिवशी खरोखर थोरियमवर वीज तयार होईल, त्या दिवशी मी कितीही म्हातारी झालेली असो, स्टुलावर चढून तो शब्द मीच पुसेन. तोवर त्यावर कागद चिकटणार नाही, तुझाही नाही.

तुझं या वेळी न ऐकणारी,
तुझी भाची वैजू