मिठाचा एक दाणा

बाबा, पाचवीत असताना मी भर वर्गात मीठ द्रव आहे असं सांगून आले होते. बाईंनी शिकवलं होतं की स्थायूला स्वतःचा आकार असतो, द्रव ज्या भांड्यात ओतू त्या भांड्याचा आकार घेतो आणि वायू मिळेल तेवढी जागा व्यापतो. मग त्यांनी द्रवाचं उदाहरण विचारलं. पाणी, दूध, रॉकेल सगळं सांगून झालं होतं. मला वाटलं, आपल्याकडे मीठ वाहायच्या पाटीत ओतलं की ते पाटीसारखं होतं, डब्यात ओतलं की डब्यासारखं, म्हणून मी मोठ्या ऐटीत हात वर केला. वर्ग हसला ते एक वेळ चाललं असतं. पण बाई म्हणाल्या, "बाप मिठागरावर आणि मुलीला मीठ माहीत नाही!"

आपल्या गावात, शिरवण्याला घरी येऊन मी दप्तर फेकलं आणि तुला सुनावलं की तुझ्या मिठामुळे माझी शोभा झाली, आता मी शाळेत जाणार नाही. तू चिडला नाहीस. तुझ्या जागी मी असते तर पाठीत एक धपाटा घातला असता. तू रविवारी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलंस आणि मिठागरावर नेलंस. अजून दिसतं मला. ऊन चढलंय, तू लांब दांड्याच्या फळीनं वाफ्यातलं मीठ कडेला ओढतोयस आणि मी तोंड फुगवून बांधावर बसलेय. मग तू येतोस, भाकरीच्या डब्याचं झाकण पुढे धरतोस आणि त्यात एकच दाणा टाकतोस.

"यो दाना बग. झाकनान ठेवला, हातान ठेवला, त्याचा चवकोन मोडला का? पानी असतं तं पसरलं असतं. रास भांड्यासारखी होते, दाना नाय होत."

मी झाकण वाकडं केलं, गदागदा हलवलं. दाणा घरंगळला, पण जसाच्या तसा राहिला. मग वाफ्यातलं पाणी कुठे जातं, असं मी विचारलं, तर तू म्हणालास, त्याची वाफ होऊन वर जाते, मीठ मागे राहतं. चौथीपर्यंत शिकलेला तू! आज मीही मुलांना हेच शिकवते. परवा एका मुलीनं रवा द्रव म्हणून सांगितला, तेव्हा तिच्या तळहातावर रव्याचा एक कण ठेवला आणि तुझी इतकी आठवण आली की फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

सोमवारी मी तो दाणा वर्गात नेला होता. बाई खूश झाल्या, त्यांनी तो बाकाबाकावर फिरवला. संध्याकाळी तू चपला काढायच्या आधीच विचारलंस, "काय बोल्ली बाई?" मी म्हणाले, "बाई बोल्ली, तुजा बापूस लय हुशार हाय." तू नुसता हसलास. पण पुढे कित्येक दिवस मिठागरावर ज्याला त्याला ते सांगत होतास, असं आई म्हणायची.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठे धाडणार मी? तरी एकदा लिहून टाकते. बाई तसं म्हणाल्या नव्हत्या, बाबा. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी सांगितलं होतं, गावापलीकडे सेक्टरमधल्या नव्या बिल्डिंगीत राहणाऱ्या एका शिकलेल्या ताईनं.