चाबी सकाळी भेटन

बाबा, यंदा मंडईला, गावच्या दिवाळीनंतरच्या जत्रेला, लेक, जावई आणि नात अशी तीनच माणसं आली होती. हे गेल्यापासून सावली गावातल्या या घरात मी एकटीच असते, त्यामुळे तीन माणसांनीही घर भरून जातं. आपली दिवाळी कधी दिवाळीच्या दिवशी झालीच नाही. सगळं गाव घरी असायचं तेव्हा तुम्ही चंद्रपूर-गडचिरोली एसटी चालवत असायचे. नंतर गावात मंडई भरली, की तुम्हाला सुट्टी मिळायची आणि मग आपल्याकडे पाहुणे यायचे. त्या दिवशी वडे तुम्हीच तळायचे. अंगणात चूल मांडायची, कढई ठेवायची आणि दारात पाट आडवा लावायचा, म्हणजे आम्ही पोरं त्याच्या अलीकडे, घरात. आईनं मधेच काही विचारलं, तर कढईवरची नजर न काढता तुम्ही म्हणायचे, "गाडी चालू हाय. चालकासंगं बोलू नये." आई म्हणायची, "एवढ्या मोठ्या गाडीत वाहक कोन हाय मंग?" यावर तुम्ही हसायचे, पण तेही कढईकडे बघतच.

मी तेव्हा चंद्रपूरला सिस्टरांच्या शाळेत, होस्टेलवर. तिथं आम्हाला शिकवलं होतं, की पाहुण्याशी हळू बोलावं, त्याच्या मनाविरुद्ध काही करू नये. सुट्टीत घरी यावं, तर इथं मामांची मोटरसायकल अंगणात आणि चाबी तुमच्या खाकी शर्टाच्या खिशात. ती संध्याकाळ मला अजून दिसते. दिवस कलतो आहे, पुढचा रस्ता जंगलातला आहे, मामी डोक्यावरून पदर घेऊन तयार उभी आहे आणि मामा हात पुढे करून उभे आहेत.

"भाऊजी, चाबी द्या. लहान पोट्टा हावो का मी?"

"चाबी सकाळी भेटन. आता हात धुवून जेवाले बस."

"वाघ का माजीच वाट पाहून राह्यला का तिथी?"

"तुजी काऊन पाहीन? तुज्या मांगं बसनारीची पाहीन."

मामी तोंडाला पदर लावून हसली. मामा हसले नाहीत. चार माणसांसमोर मेहुण्यानं अडवलं, हे त्यांना फार लागलं. पुढच्या मंडईला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. आई तुमच्याशी त्यावरून एकदाही भांडली नाही. भाऊबीजेचं ताट मात्र ती दोन्ही वर्षं मांडून ठेवायची आणि मग तसंच उचलायची. तुम्हाला वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "रस्ता त्या वाघाहिचा हाय. आपन टिकिट काढून जाऊन राह्यलो. दिवसाचं टिकिट रातच्याले चालत नाई." माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

पाहुणे दिवसाउजेडी निघाले, तरी आई लगेच घर झाडायची नाही. माणूस पोचायच्या आधी त्याच्या मागं केर काढू नये, म्हणायची. फोन कुठं होते तेव्हा? तुम्ही तुमच्या सोबत्यांना सांगून ठेवलेलं असायचं. पाहुणे स्टँडवर उतरून सुखरूप पोचले, की परत येणारी गाडी आपल्या घरासमोर दोनदा हॉर्न वाजवायची. मग आई केरसुणी हातात घ्यायची.

जावई साताऱ्याकडचे, कंपनीच्या नोकरीनं चंद्रपूरला आले. मनानं चांगले आहेत, मला आईच म्हणतात. यंदा त्यांना दुपारीच निघायचं होतं. पण नात मंडईतल्या आकाशपाळण्यावरून उतरेना, मग जेवायला उशीर झाला, मग मी म्हटलं, वाटेसाठी थोडे वडे गरमच देते. गॅसवर तळत होते तेव्हा बाहेर बॅगा गाडीत ठेवल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं, तर ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं. म्हणजे मूल गाव ओलांडेपर्यंत अंधार, आणि जंगल त्याच्या पुढं. हल्ली त्या रस्त्यावर जनावर दिसल्याच्या गोष्टी रोजच कानावर येतात. मी गॅस बंद करून दारात आले.

"आज थांबा ना," मी म्हटलं, सिस्टरांनी शिकवलं होतं तसं, हळू.

"आई, तासाभराचा तर रस्ता आहे. आणि सकाळी माझी ड्यूटी आहे."

"पहाटे उजाडताच निघा."

"चारचाकी आहे आई. काचा बंद."

लेक म्हणाली, "तू उगाच घाबरतेस आणि मलाही घाबरवतेस." नात मागच्या सीटवर चढूनही बसली होती. तिच्याकडे पाहिलं, आणि वाटलं, आत्ता अडवलं तर ही माणसं कदाचित पुढच्या मंडईला यायची नाहीत. मग वर्षभर या घरात कोण येतं? दूधवाला आणि मीटर पाहणारा. तरीही आत वळून फ्रिजवरची गाडीची चाबी मी उचलली आणि पदराच्या टोकाला बांधून परत दारात आले.

"चाबी सकाळी भेटन," मी म्हटलं.

ही भाषा मी लेकीशीसुद्धा कधी बोलले नाही. नात खुदकन हसली, "आजी कशी बोलते." जावई हसले नाहीत. ते बॅगा परत आणायला गेले, एकेक करून, आणि प्रत्येक वेळी दार जरा जोरात लागलं. लेक स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "ते जावई आहेत आई. असं कोणी करतं का?" मी म्हटलं, "तुझे आजोबा करायचे." ती म्हणाली, "म्हणूनच विचारते."

सकाळी ते चहा घेऊन निघाले. वाकून नमस्कार केला, पण "येतो" म्हणाले नाहीत, तो शब्द लेकच म्हणाली. मी केर न काढता बसून राहिले. लेकीचा निरोप फोनवर आला, एकच शब्द, "पोचलो". मग मी घर झाडलं. पुढच्या वर्षाबद्दल तिनं अजून काही म्हटलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

हे कोणाला सांगणार, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. पाठवायला पत्ता नाही, ते बरंच आहे. कारण एक गोष्ट राहिलीच आहे. शेजारचे भाऊ त्याच संध्याकाळी चंद्रपूरहून मोटरसायकलनं आले होते, त्याच रस्त्यानं. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी उभे राहून ते म्हणाले, "बाई, काल येतानी रस्त्यानं..." वाघ दिसला म्हणतील की रस्ता मोकळा होता म्हणतील, ते ऐकायच्या आधीच मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "भाऊ, दूध उतू जाऊन राह्यलं," आणि घाईनं आत आले. गॅसवर काहीच नव्हतं, बाबा.